सोनाराचा उद्या

आमच्या कारंज्यात सोनं एकदा फार झटपट झालं होतं. त्याला आता सहाशे वर्षं उलटून गेली. गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात ती कथा येते. माधव आणि अंबा या दांपत्याचा मुलगा सात वर्षांचा झाला तरी ॐकाराखेरीज अक्षर बोलेना. आईबाप काळजीत पडले. तेव्हा मुंज लावा म्हणजे बोलेन, असं त्यानं खुणेनं सांगितलं आणि भरवसा वाटावा म्हणून घरातलं लोखंड हातात घेऊन त्याचं सोनं करून दाखवलं. हाच मुलगा पुढं नृसिंह सरस्वती झाला. ना मूस, ना फुंकणी, ना बयाणा, ना 'उद्या या'. त्या घाईची भरपाई गावातले सोनार तेव्हापासून करत आहेत आणि ती अजून फिटलेली नाही, असा माझा अंदाज आहे.

आमचे काकाजी हे त्या फेडणाऱ्यांपैकीच एक. त्यांचं नाव सांगत नाही. नाव छापून आलं तर गिऱ्हाइकं वाढतील आणि आमच्या घरचं डोरलं आणखी मागं पडेल. दुकान म्हणजे गल्लीतली दीड खणाची जागा. पुढं गादी, मागं कोनाडा, आणि मधोमध लाकडी ओंडक्यात ठोकलेल्या ऐरणीसमोर मांडी घालून बसलेले काकाजी. कोनाड्यात संत नरहरी सोनारांची तसबीर.

नरहरी महाराज हे या धंद्याला शोभणारे संत आहेत. कट्टर शिवभक्त, पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही असा पण. एका सावकाराला देवासाठी सोन्याचा कमरपट्टा हवा होता. नरहरींनी देवळात न जाता माप मागवून घेतलं आणि पट्टा घडवला. तो सैल झाला. कमी केला, तर अपुरा पडला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले. हाताला शंकर लागतोय म्हणून पट्टी काढली, तर समोर विठ्ठल. भाविक या कथेत हरिहरांचं ऐक्य पाहतात. कारंज्याच्या गिऱ्हाइकाला त्यात दुसरंच दिसतं: साक्षात पांडुरंगाचा दागिनासुद्धा पहिल्या खेपेला मापात बसला नव्हता. त्यात पांडुरंगाला उभं राहून वाट पाहायची सवय. आपल्याला एप्रिल अखेरचं लग्न असतं. काकाजींना घाई करायला गेलं की ते तोंडानं काही बोलत नाहीत, नुसते त्या तसबिरीकडं पाहतात.

काकाजींच्या 'उद्या'लाही मोहनमाळेसारखे पदर आहेत. नुसतं 'उद्या या' म्हणजे या महिन्यात नाही. 'परवा पक्कं' म्हणजे तुमचं काम त्यांना आठवलं आहे. 'घेतलंच हाती' म्हणजे सोनं अजून तुम्ही दिलेल्या गुलाबी कागदातच आहे. 'फक्त उजळायचं राह्यलं' याचा अर्थ अर्धं झालं. आणि 'पटवेकऱ्याकडं गेलं' असं म्हणाले की समजावं, आता या विषयावर पृथ्वीतलावर कुणालाच काही सांगता येणार नाही. मुरलेली गिऱ्हाइकं म्हणून तारीख विचारत नाहीत, ऋतू विचारतात. तूर निघायच्या आत होईल का, की कापूस घरी आल्यावर?

आता कुणाला वाटेल माणूस आळशी असावा. छे! एखाद्या दुपारी त्यांच्या गादीवर बसून पाहावं. बोरमाळेचे मणी करायचे तर सोन्याचा पातळ पत्रा काढायचा, ठशात दाबून अर्धगोल वाट्या पाडायच्या, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, टाकणखार लावून डाक द्यायची, भोक पाडायचं, पोटात लाख भरायची, मग उजळायचं, आणि शेवटी पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यायचं. डाक म्हणजे मूळ सोन्याच्या आधी वितळणारं सोनंच. फुंकणीनं ज्योत वाकवायची ती डाक पाण्यासारखी धावेपर्यंत, आणि ती धावली त्याच क्षणी बाजूला घ्यायची. पापणी लवेपर्यंत उशीर झाला तर मणीही डाकेमागोमाग निघतो. या कामात काकाजींचा हात असा चालतो की उद्या-परवाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं वाटू नये. फुंकणी तोंडात असताना बोलता येत नाही, हा तिचा दुसरा उपयोग. गिऱ्हाईक तारखेच्या मुद्द्यावर आलं की काकाजी फुंकणी उचलतात.

म्हणजे बोरमाळ ही मोजक्या दिवसांची गोष्ट. मग सहा महिने जातात कुठं? ते आपल्याच घरात जातात.

आमच्या भाचीच्या बोरमाळेचंच घ्या. पहिल्या दिवशी घरातल्या पाच बायका मिळून सांगायला गेल्या. आई म्हणाली छातीपर्यंत रुळली पाहिजे, आत्या म्हणाली गळ्यासरशी बसली पाहिजे. आठवड्यानं नवरीचा निरोप आला की बोरमाळच नको, काहीतरी 'लाइटवेट' हवं. साक्षगंधात होणाऱ्या सासूबाईंनी सहज म्हणून आपल्या गळ्यातली एकदाणी दाखवली. लगेच बेत बदलून एकदाणीवर आला. मग जावयाला गोफ घालायचा ठरला, तोही त्याच सोन्यातून, म्हणजे मणी कमी झाले. मणी कमी झाल्यावर आत्या रुसली, म्हणून गोफ बारीक झाला. प्रत्येक फेरबदल वेगळ्या माणसाबरोबर दुकानात पोचत होता आणि प्रत्येक जण जाताना बजावत होता, 'हेच फायनल समजा.' काकाजी सगळं वहीत लिहून घेत होते. सोन्याला हात मात्र लावत नव्हते.

सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, हे पुस्तकात सापडतं. घराचं एकमत किती अंशांना होतं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. काकाजींना ते अनुभवानं ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात घडवलेला दागिना मोडावा लागतो, हे त्यांनी एवढ्या वेळा पाहिलंय की पहिल्या महिन्यात ते घडवतच नाहीत. माझ्या मेहुण्यानं एकदा आवाज चढवला, तेव्हाचा संवाद मला पाठ आहे.

"पोरीले इचारलं काय?"

"विचारलं ना काकाजी."

"पोरगी हो म्हनली काय?"

मेहुणा गप्प.

"मंग उद्या या."

जिथं मत बदलायला कुणी नसतं, तिथं हाच माणूस विजेसारखा चपळ. बारशाला कान टोचायला बोलावलं की काकाजी मुहूर्ताच्या आधी हजर. बाळ रडतं, पण डिझाईन बदलत नाही. गेलेल्या माणसाच्या मुखात ठेवायला सोन्याचा मणी हवा म्हणून मध्यरात्री कुणी दार वाजवलं, तर तो पाच मिनिटांत मिळतो, पैशाची गोष्टही निघत नाही. तिथंही डिझाईन कुणी बदलत नाही.

बोरमाळेला सोनं मोडीतून यायचं होतं. म्हणजे आजीची जुनी बोरमाळ आटवायची. आटवण्याच्या दिवशी घरातली कामाची सगळी माणसं कामं टाकून दुकानात जातात. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण आमच्याकडं बाळकडूतून देतात, त्यामुळं मुशीवरची नजर कुणी काढत नाही. पापण्या पाळीपाळीनं मिटतात. काकाजींना याचा राग येत नाही. उलट म्हाताऱ्या माणसांना दिसावं म्हणून ते शेगडी पुढं ओढतात.

आधी मणी तापवून लाख काढली. धूर झाला, वास सुटला. मग मुशीत सोनं, टाकणखाराची चिमूट, फुंकणी. लगड निघाली, काट्यावर गेली, आणि दुकानात शांतता पसरली. घरी भरलं होतं त्याच्यापेक्षा वजन चांगलंच कमी. आत्यानं आईकडं पाहिलं, आईनं मामाकडं, मामानं काकाजींकडं. लाख जळाली हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं, पण आजीनं ती लाख पन्नास वर्षं सोन्याच्या रुबाबात मिरवली होती. तिला एकदम लाख म्हणणं जड जात होतं.

काकाजी काही बोलले नाहीत. उठले, मागच्या फळीवरून लाल कापडात बांधलेली वही काढली. वडिलांच्या हातची, शाईची. पान सापडलं: बोरमाळ एक, सोनं अमुक तोळे अमुक मासे, लाख वेगळी, ती अमुक. एखाद्या मण्याएवढा फरक सोडला तर तंतोतंत जुळलं. आमचा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी बोट एक ओळ खाली सरकवलं. तिथं आजोबांचं नाव होतं आणि पुढं घडणावळीचे अकरा रुपये बाकी.

"राहू द्या," काकाजी म्हणाले. "व्याज नाई लावत."

त्या दिवसानंतर मुशीकडं पाहायला आमच्या घरून कुणी गेलेलं नाही.

त्या वहीनं आत्याला मात्र नवा उद्योग दिला. वहीतली वजनं जुनी: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. आजच्या मापात ते ११.६६ ग्रॅम भरतं. मेट्रिक वजनं आली आणि बाजारानं दहा ग्रॅमला तोळा म्हणायला सुरुवात केली. थोडक्यात, कुठल्याही सोनाराचा हात न लागता प्रत्येक तोळ्यातून दीड ग्रॅमहून जास्त सोनं उडालं. हे नेमकं कुणी नेलं याची चौकशी आत्या अजून करते आहे. सोनारावर ठेवायचा संशय कुठं ठेवावा हे तिला कळेनासं झालंय.

काकाजींच्या दुकानात तसं काही वाया जाऊच शकत नाही. कानशीचा कीस मांडीवरच्या कातड्यावर पडतो आणि तिथून परत डबीत जातो. झाडलेला केरसुद्धा उकिरड्यावर पडत नाही. तो घ्यायला झारेकरी येतात, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. केराला भाव असलेला धंदा जगात दुसरा कुठला असेल तर मला ठाऊक नाही. एक ग्रॅम सोन्याची तार ओढत गेलं तर दोन किलोमीटरच्या वर जाते म्हणतात. जंतराच्या एकेका बारीक भोकातून ती ओढताना काकाजींना पाहिलं, की वायदा इतका लांब ओढण्याची कला यांना कुठून आली ते कळतं.

आणि या गावाला सोन्याचं वावडं कधीच नव्हतं. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस, अशा वेशींच्या आत एके काळी असे सावकार होते की एकानं व्यापाऱ्याची उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात कालवली, असं इथं अजून सांगतात. ती कीर्ती लांबवर गेली, जरा जास्तच लांब. १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस शिवाजी महाराजांची फौज कारंज्यात येऊन धडकली. सोनं, चांदी, उंची कापड अशी कोटीची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून गेली. सोबत गावातले धनिकही नेले. सुटला तो फक्त त्यांतला सर्वांत बडा सावकार, कारण तो बाईच्या वेशात पळाला. महाराजांच्या फौजेत बायकांना हात लावायची छाती कुणाची नव्हती. इतिहासकार इथंच थांबतात. माझं कुतूहल पुढं जातं. त्या सावकारानं अंगावर दागिने कुणाचे घातले? घरातलेच असणार. त्यानं ऐन वेळी सोनाराकडं नथ मागितली असती, तर सोनार 'उद्या या' म्हणाला असता आणि इतिहासात एक धनिक वाढला असता.

उशीर सोसायचं शिक्षण आम्हाला शकुंतलेनंही दिलं. कालिदासाच्या नव्हे, मूर्तिजापूर ते यवतमाळ अशा ११३ किलोमीटरांवर कारंज्यावरून जाणाऱ्या नॅरोगेजच्या. मँचेस्टरात १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत धापा टाकत होतं. आता ती गाडी उभी आहे आणि गावाजवळून समृद्धी महामार्ग गेलाय. त्याचा पहिला परिणाम सराफ्यावर झाला. लोक सकाळी नागपूरला जातात आणि दुपारी दागिना घालून परत येतात.

मीही गेलोय. थंडगार हवा, पाठ टेकायला खुर्ची, चहा न मागता येतो, मजुरीवर सूट, वर सोडतीत स्कूटर. एका कठड्यावर तीनशे हार. ते एकसारखे नाहीत असं विकणारी मुलगी सांगते म्हणून आपण मानायचं. प्रत्येकावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्कचा क्रमांक. काकाजींचं हॉलमार्कबद्दल मत विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "चांगलंच हाय बाप्पा. मानसाले आधार कार्ड आलं, मंग सोन्यालेबी पायजे." त्यात टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या हारांची एखादी कडी दिवाळीपर्यंत उघडतेच. महामार्गावरून परत नागपूरला कोण जाणार? हार काकाजींकडं येतो. ते भिंग डोळ्याला लावतात, पोकळ कडी उलटसुलट करून पाहतात, सुस्कारा सोडतात आणि तिथल्या तिथं डाक देऊन परत करतात. पैसे विचारले तर म्हणतात, "मशीन सांधत नाई नं भाऊ, सांधाले हातच लागते." दुकानाच्या आतल्या ओळीत आता तरुण पोरं दिसत नाहीत. मोठ्या शहरांतल्या सराफ्यात बंगाली कारागिरांचे हात चालतात, आणि काकाजींचा मुलगा बँकेत सोनेतारण कर्जाचा विभाग पाहतो. तिथं तोही सोन्याकडं भिंगातून पाहतो, पण घडवत नाही. कर्जाला मात्र तो उद्या या म्हणत नाही, अर्ध्या तासात देतो.

काकाजींच्या घराण्याचा धीर सुटायचा प्रसंग खरं तर १९६३ सालीच येऊन गेला. जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. २२ कॅरेटच्या मऊ सोन्याची सवय असलेल्या हातांपुढं हे निम्म्याच्या जरा वर सोनं असलेलं कडक प्रकरण आलं. काकाजींचे वडील म्हणत, हे सोनं हातोडीला उलटून बोलतं. देशभर किती सोनारांनी तेव्हा ऐरण गुंडाळून दुसरी कामं धरली. लाल कापडातल्या वहीत त्या सालची पानं बरीचशी कोरीच आहेत. मधेच एका पानावर छत्री दुरुस्तीचा हिशेब आहे. पुढं १९६८ चा कायदा झाला, आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडलं.

"सत्तावीस वर्सं लावली सरकारनं," काकाजी एकदा मला म्हणाले, "आन् तुमी मले सा महिन्याचं बोलता?"

यावर उत्तर नाही. मी शोधून पाहिलंय.

परवा माझी धाकटी पुतणी पुण्याहून आली होती. तिला काकाजींकडं घेऊन गेलो. आत्याही 'सहज' बरोबर आली. पुतणीनं मोबाईलवर एक पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. पुण्या-मुंबईकडं म्हणे आता हातानं, सावकाश घडवलेल्या दागिन्यांची मोठी चलती आहे. दागिन्याबरोबर कारागिराची गोष्ट छापलेलं कार्ड येतं आणि खाली बजावलेलं असतं: घडवायला सहा आठवडे लागतील, कृपया धीर धरावा. मजुरीचा आकडा पाहून काकाजींनी भिंग लावलं. शून्यं तेवढीच होती.

"सा हप्ते?" ते म्हणाले. "येवढ्या घाईनं काय घडवतात हे?"

पुतणी म्हणाली, "काकाजी, मला असंच हवंय. ज्याला काही अर्थ आहे, असं."

"अर्थ? किती ग्राममदी बसवाचा?"

तिनं पर्समधून छोटी पुडी काढली. आजीची माळ आटवली त्या दिवशी घरंगळून मामाच्या चपलेखाली गेलेला, नंतर सापडलेला एक मणी तिनं जपून ठेवला होता. त्याला नुसती वर कडी लावायची आणि साध्या काळ्या दोऱ्यात घालायचा. बाकी काही नाही. काकाजींनी मणी हातावर घेतला, फिरवून पाहिला. बापाच्या ठशातला आहे म्हणाले.

"लगन कदी हाय?"

"लग्न-बिग्न नाही हो. माझ्यासाठीच हवाय."

"सासू?"

"नाही."

"तारीख?"

"कसलीच नाही."

काकाजींचा चेहरा मी आजवर इतका उजळलेला पाहिला नव्हता. त्यांनी शेगडी पुढं ओढली, चिमट्यात तारेचा तुकडा धरला, फुंकणी पुसली. "बस इथं पोरी, चहा पी. घेऊनच जाय."

ज्योत वाकली. डाक आता धावणार, तेवढ्यात आत्या पुढं सरकली आणि म्हणाली, "मी काय म्हणते, कडीपाशी एखादा लाल खडा बसवला तर?"

काकाजींनी फुंकणी खाली ठेवली आणि वही उघडली.